‘नटी होती म्हणून’ एवढ्यावर जयललितांचा हिशेब संपतो का?

अडयारकाठ (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला नाशिकला गेले होते. पंगती उठल्यावर निवडणुकीच्या गप्पा निघाल्या आणि एक मामा म्हणाले, "नट्यांना काय गं, तोंड दाखवायचं की मतं पडतात. ती जयललिता तशीच." चारचौघांत वडीलधाऱ्यांशी वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण मी २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षं चेन्नईत काढली आहेत, आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

मी जयललितांची, म्हणजे तमिळनाडूच्या दिवंगत मुख्यमंत्र्यांची, भक्त नाही. खटल्याचा विषय निघेल, निघायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच: सिनेमामुळे त्यांच्यासाठी दार उघडलं हे खरं, पण आत गेल्यावर त्यांना बाहेर काढायला त्यांचाच निम्म्याहून अधिक पक्ष टपला होता. तिथे चेहरा कामाला आला नाही.

मागचं थोडक्यात. जन्म २४ फेब्रुवारी १९४८, मेलुकोटे, कर्नाटकातलं अय्यंगार घर. दोन वर्षांच्या असताना वडील गेले. आई वेदवल्ली पुढे ‘संध्या’ या नावाने मद्रासच्या सिनेमात आल्या. मुलगी आधी बंगळूरला, मग मद्रासच्या चर्च पार्क कॉन्व्हेंटमध्ये. अतिशय हुशार. पुढे शिकायचं होतं, पण घरात पैशांची चणचण होती आणि आईने सांगितलं म्हणून सोळाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९६५ मध्ये पहिला तमिळ सिनेमा, आणि त्याच वर्षी एमजीआर (एम. जी. रामचंद्रन, मोठे नट, पुढे अण्णा द्रमुक पक्षाचे संस्थापक आणि मुख्यमंत्री) यांच्याबरोबर पहिला. ते वयाने एकतीस वर्षांनी मोठे. दोघांनी मिळून २८ सिनेमे केले.

१९८२ साली अण्णा द्रमुकमध्ये प्रवेश. १९८३ साली प्रचार सचिव, १९८४ साली राज्यसभा. तमिळ, इंग्रजी, हिंदी, कन्नड, तेलुगू सहज बोलणारी बाई दिल्लीत पक्षाला हवीच होती. पण जुन्या पुढाऱ्यांना ती डोळ्यांत सलत होती. एमजीआर आजारी पडून उपचारांसाठी ब्रुकलिनला गेले, तेव्हा तिला त्यांच्यापासून पद्धतशीर लांब ठेवलं गेलं.

मग २४ डिसेंबर १९८७. एमजीआर गेले. राजाजी हॉलमध्ये पार्थिव ठेवलं होतं. त्यांच्या उशाशी ही बाई दोन दिवस उभी राहिली, पहिल्या दिवशी तेरा तास, दुसऱ्या दिवशी आठ तास. तोफगाड्यावर चढायला गेली तर ढकलून खाली उतरवलं. वय ३९. ना नात्याचा हक्क, ना कुणी पाठीराखा. दुसरी कुणी असती तर दार लावून घरी बसली असती, आणि तिला कुणी दोषही दिला नसता.

तिथून साडेतीन वर्षांत ती मुख्यमंत्री झाली. तो प्रवास ‘तोंड दाखवलं’ या दोन शब्दांत बसतो का, एवढंच विचारायचं आहे.

गोदाकाठचा

ताई, छान लिहिलंय, पण मामांचं सगळंच चूक नाही. एमजीआर नसते तर ही बाई राजकारणात आली असती का? पक्ष त्यांचा, मतदार त्यांचा, ‘दोन पानं’ हे चिन्ह त्यांचं. आयतं घर मिळालं, त्यात राहायला गेली.

अडयारकाठ

आयतं घर दुसऱ्याच बाईला मिळालं होतं. एमजीआर यांच्या पत्नी व्ही. एन. जानकी. त्याही नटी, त्याही एकेकाळी एमजीआर यांच्या नायिका. ७ जानेवारी १९८८ रोजी त्या मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे सिनेमातून येऊन मुख्यमंत्री झालेली देशातली पहिली बाई जयललिता नव्हे, जानकी. ९७ आमदार जानकींच्या बाजूला होते, जयललितांकडे त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. चेहरा होता, कुंकवाचा मान होता, सहानुभूती होती, सरकार होतं. चोविसाव्या दिवशी सरकार बरखास्त झालं.

जानेवारी १९८९ ची निवडणूक. चिन्ह गोठवलेलं. जानकी गटाला कबुतरांची जोडी, जयललिता गटाला कोंबडा. जयललिता गटाला २७ जागा. जानकी गट जवळजवळ पुसला गेला, त्या स्वतः आंडिपट्टीत पडल्या. काही आठवड्यांत दोन्ही गट एक झाले, दोन पानं परत मिळाली, जानकी राजकारणातून बाजूला झाल्या.

दोघीही नट्या, दोघींचा आधार एकच माणूस. मग एक टिकली, दुसरी का नाही? उत्तर सिनेमात सापडत नाही. जयललिता पाच वर्षं गावोगाव सभा घेत हिंडली होती, कार्यकर्त्यांना नावाने ओळखत होती.

तंजावरकर

नमस्कार. मी तंजावरचा, घरात आमची जुनी मराठी बोलतो, लिहायला पुस्तकं वाचून शिकलो. इथल्या शब्दांची सवय कमी आहे, सांभाळून घ्यावं.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट लवकर कळत नाही. द्रविड चळवळ उभीच राहिली ब्राह्मण वर्चस्वाच्या विरोधात. पेरियार, अण्णादुरै यांची ती परंपरा. त्या परंपरेतल्या पक्षाची प्रमुख एक अय्यंगार बाई, तीही कर्नाटकात जन्मलेली, लग्न न केलेली, शिवाय सिनेमातली! आमच्या वडिलांच्या पिढीत हे कुणी सांगितलं असतं तर लोक उठून गेले असते.

आणि तिने ते नुसतं निभावलं नाही. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. तमिळनाडूत तेव्हा ६९ टक्के होतं. जयललितांनी विधानसभेत कायदा केला, दिल्लीत नरसिंह रावांच्या मागे लागल्या आणि १९९४ मध्ये ७६ वी घटनादुरुस्ती होऊन तो कायदा राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत, म्हणजे न्यायालयात आव्हान देणं अवघड अशा यादीत, गेला. द्रविडर कळघमच्या वीरमणींनी त्यांना ‘सामाजिक न्याय राखणारी वीरांगना’ अशी पदवी दिली. पेरियारांच्या संघटनेने एका ब्राह्मण बाईला दिलेली पदवी! ते ऐकून माझे वडील बराच वेळ काही बोलले नव्हते.

मांजराकाठ

तंजावरकर, तुमची मराठी उत्तम आहे, लिहीत राहा. मराठा आरक्षणाच्या वेळी आमच्याकडे पारावर रोज एकच प्रश्न असायचा: तमिळनाडूत ६९ टक्के चालतं, मग आमचं २०२१ ला का पडलं? उत्तर माहीत असणारा एकही नव्हता. ते काम करून ठेवणाऱ्यांत ही बाई होती, हे मला आज तुमच्यामुळे कळलं.

हिशेबनीस

माझी एकतीस वर्षं लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे मी आकड्यांवर येतो. कर्तृत्व मान्य. पण पहिल्या कारकिर्दीत महिना एक रुपया पगार घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांवर १९९१ ते ९६ या काळातल्या ६६.६५ कोटींच्या मालमत्तेचा खटला उभा राहतो, हे बाजूला कसं ठेवायचं? १९९६ च्या धाडीत सुमारे २८ किलो सोनं आणि दहा हजारांवर साड्या नोंदवल्या गेल्या. १९९५ साली मानलेल्या मुलाचं लग्न ज्या थाटात झालं, त्याची दृश्यं साऱ्या देशाने पाहिली. ९६ ला पक्ष चार जागांवर आला, स्वतः बर्गूरमध्ये पडल्या. लोकांनी शिक्षा तेव्हाच दिली होती.

न्यायालयाला मात्र अठरा वर्षं लागली. खटला तमिळनाडूत नीट चालणार नाही म्हणून २००३ मध्ये बंगळूरला हलवावा लागला. २७ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायाधीश कुन्हा यांनी चार वर्षं कैद आणि १०० कोटी दंड ठोठावला. पदावर असताना दोषी ठरून पद गमावणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या मुख्यमंत्री.

आणि पुढचं तर आमच्या व्यवसायातल्या माणसाला झोप लागू देणार नाही असं. मे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्या निकालपत्रात कर्जांचा तक्ता आहे. त्याची बेरीज २४.१७ कोटी दाखवली आहे. तक्त्यातल्या रकमा प्रत्यक्ष मिळवल्या तर होतात १०.६७ कोटी. साडेतेरा कोटींचा फरक! त्या बेरजेमुळे बेहिशेबी संपत्तीचं प्रमाण ८.१२ टक्के निघालं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुटका. बरोबर बेरीज केली तर ते ७६ टक्क्यांच्या वर जातं. मी ती बेरीज स्वतः पेन्सिलीने तीनदा केली.

१४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुन्हांचा निकाल कायम केला. सहआरोपी असलेल्या त्यांच्या निकटवर्ती शशिकला आणि इतर दोघे तुरुंगात गेले. जयललिता तोवर हयात नव्हत्या, त्यांच्यापुरता खटला मृत्यूने संपला.

अडयारकाठ

हिशेबनीसकाका, यातल्या एकाही शब्दाला माझी हरकत नाही. त्या २७ सप्टेंबरला मी चेन्नईतच होते. शनिवार होता. निकालाची बातमी आली तशी खालच्या वाण्याने शटर ओढलं, मुलगा क्लासला गेला होता, त्याला आणायला मी पायी गेले कारण रिक्षा मिळेना. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या रडून सुजलेल्या डोळ्यांनी. मी जरा चिडूनच म्हटलं, "अक्का, कोर्टाने पुरावे बघितलेत." त्या म्हणाल्या, "असतील. घेतलं असेल तिने. पण माझ्या पोरीला सायकल आणि लॅपटॉप दुसऱ्या कुणी दिला?"

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. सरकारी पैशातून दिलेल्या वस्तूने चोरी धुऊन निघत नाही. पण त्या बाईला अडाणी म्हणण्याचीही माझी हिंमत झाली नाही. तिला राजकारणातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हातात पडलं होतं.

मांजराकाठ

मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे, म्हणून पाळण्याच्या योजनेबद्दल लिहिते. १९९२ साली जयललितांनी सेलममध्ये ‘तोट्टिल कुळंदै’ म्हणजे ‘पाळण्यातलं बाळ’ योजना सुरू केली. त्या पट्ट्यात, आणि मदुराईजवळच्या उसिलंपट्टीतही, जन्मलेल्या मुली मारल्या जात होत्या. सरकारने सांगितलं: मारू नका, पाळण्यात ठेवा, आम्ही वाढवू.

टीका खूप झाली. आई-बापांना मूल टाकायची मुभा दिली, मुलगी नकोशी वाटण्याचं मूळ तसंच राहिलं, असं म्हणणारे लोक चुकीचे नाहीत. पण मी आकडे समोर ठेवते. सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली: तमिळनाडूत २००१ ला ९४२, २०११ ला ९४३. महाराष्ट्रात २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. आमच्या बीडचा आकडा तर लिहायलाही हात धजत नाही. हे सगळं एका योजनेमुळे झालं असं मी म्हणत नाही, तिथे मुलींचं शिक्षण, दवाखाने आधीपासून बरे आहेत. पण एका मुख्यमंत्र्याने पहिल्याच कारकिर्दीत हा विषय हातात घेतला, मुली मारल्या जातात हे सरकार म्हणून उघड कबूल केलं. आमच्याकडे ते तोंडाने कबूल करायला किती वर्षं गेली, ते मी जवळून पाहिलंय.

महिलांचं पोलीस ठाणंही १९९२ चंच. मी २०१० मध्ये एका प्रशिक्षणासाठी मदुराईला गेले होते तेव्हा असं ठाणं बघितलं. बाकावर तीन बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर पोर. समोरची हवालदार बाई तिला आधी पाणी देत होती, नाव-गाव नंतर.

संपकरी

सगळे गोड लिहिताय. २००३ विसरलात? जुलै महिन्यात सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, आणि या बाईंनी सुमारे १ लाख ७० हजार लोकांना एका फटक्यात कामावरून काढलं. रात्री घरांतून अटका झाल्या. माझ्या मेहुण्याच्या ओळखीतले एक शिक्षक कोइम्बतूरला होते, त्यांच्या घरी आठवडाभर चूल नीट पेटली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, बहुतेकांना परत घेतलं गेलं, पण त्याच निकालात सरकारी नोकरांना संप करण्याचा हक्कच नाही असं म्हटलं गेलं. ते वाक्य आजही देशभर आमच्या तोंडावर फेकलं जातं. महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी २०२३ मध्ये संप केला तेव्हाही ऐकवलं गेलं.

कणखरपणा म्हणतात तो हाच असेल, तर मला तो नको.

तंजावरकर

संपकरी यांचं खरं आहे. त्याची किंमत त्यांनी २००४ च्या लोकसभेत मोजली, एकही जागा आली नाही.

पण तो स्वभाव कुठून आला, तेही बघावं. २५ मार्च १९८९, विधानसभा. द्रमुकचे मुख्यमंत्री करुणानिधी अर्थसंकल्प मांडत होते, जयललिता विरोधी पक्षनेत्या, त्या पदावरची तमिळनाडूतली पहिली बाई. हाणामारी झाली. केस विस्कटलेल्या, साडी फाटलेल्या अवस्थेत त्या बाहेर आल्या. सत्ताधारी आमदाराने साडी ओढली असा त्यांचा आरोप. द्रमुकचं म्हणणं, सगळं ठरवून केलेलं नाटक होतं. सभागृहात हजर असलेले लोकही वेगवेगळं सांगतात, म्हणून मी निवाडा करणार नाही. त्यांनी शपथ घेतली की मुख्यमंत्री होईन तेव्हाच या सभागृहात परत येईन. १९९१ साली २३४ पैकी २२५ जागा आघाडीला मिळाल्या. त्यात राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेचा मोठा वाटा होता, हेही सांगायला हवं.

माझी आई द्रमुकची मतदार, पक्की. पण ती शपथ तिला तोंडपाठ होती. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना होती.

गोदाकाठचा

तंजावरकर, मंत्री पायावर लोटांगण घालायचे ते कशासाठी? हेलिकॉप्टर आकाशात असतानाही वाकून हात जोडायचे. बायकांच्या अपमानाचा बदला पुरुष मंत्र्यांच्या पाठी वाकवून घेतला की काय? मला ते बघून दर वेळी वाईट वाटायचं, माणूस म्हणून.

अडयारकाठ

मलाही. त्यात काही चांगलं शोधायची माझी इच्छा नाही. आणि त्याचे परिणाम त्या गेल्यावर दिसलेच. दुसरी फळी तयारच होऊ दिली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेले पनीरसेल्वम मरीनावर समाधीपुढे डोळे मिटून बसले, आमदारांना एका रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवलं, आणि दीड वर्षापूर्वी ज्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं ते लोक राज्य वाटून घेत होते.

सिमी गरेवालने घेतलेली त्यांची एक मुलाखत आहे, १९९९ ची. त्यात त्या म्हणतात की आयुष्याचा एक भाग आईने चालवला, दुसरा मोठा भाग एमजीआरने, आता जो उरलाय तो माझा. हे ऐकलं की मला वाटतं, जिचा शब्द आयुष्यभर कुणी चालू दिला नाही, तिने मग दुसऱ्या कुणाचाच चालू दिला नाही. हे समर्थन नाही. मला समजून घ्यायचंय, एवढंच.

पाटावरवंटा

मी २०१३-१४ मध्ये चेन्नईत नोकरीच्या शोधात सात महिने होतो. वडपळनीला एका खोलीत पाच जण. खिशात पैसे नाहीत हे आईला फोनवर सांगायचं नाही असं ठरवलेलं. तेव्हा ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त उपाहारगृहं नवीन होती (जयललितांना लोक ‘अम्मा’ म्हणत). इडली एक रुपया, सांबारभात पाच, दहीभात तीन, रात्री दोन चपात्या तीन रुपयांत. मी सात महिन्यांत दोनशे वेळा तरी तिथे जेवलो असेन. स्टीलचं ताट, उभं राहून खायचं, फरशी स्वच्छ. बचत गटाच्या बायका स्वयंपाक करायच्या. मला तमिळ येत नसे, तर त्यातल्या एक पाटी, म्हणजे आजी, मला "बॉम्बे तंबी" (मुंबईचा धाकटा भाऊ) म्हणून हाक मारायच्या. मी सांगलीचा, पण कधी दुरुस्त केलं नाही.

तिथे रांगेत रिक्षावाले, हमाल, विद्यार्थी, कधी शर्ट खोचलेले लोकही असायचे. कुणी कुणाकडे बघायचं नाही. आपल्याकडे १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली होती, तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, केंद्रांच्या जागा राहिल्या आणि भाकर गेली. २०२० ला शिवभोजन आलं, दहा रुपयांत. तमिळनाडूत ती उपाहारगृहं महापालिकेने स्वतः चालवली, कंत्राटदाराला जागा दिली नाही. माझ्या मते फरक तिथे पडला.

नाव स्वतःचं दिलं, फोटो स्वतःचा लावला, ते खटकायचं. पण भूक लागलेली असताना मी फोटो बघितला नाही.

अडयारकाठ

तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. एक जोडते: १९८२ मध्ये पक्षात आल्यावर एमजीआर यांनी त्यांच्याकडे जी पहिली कामं सोपवली त्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचं काम होतं. शाळाशाळांत जाऊन भात-सांबार बघणं. एक रुपयाची इडली मला त्याच कामाची पुढची पायरी वाटते.

सह्याद्रीची_लेक

उशिरा आले. मला प्रश्न पडतो की महाराष्ट्रात हे का होत नाही? आमच्या नट्या निवडणुकीला उभ्या राहतात आणि पडतात. ऊर्मिला मातोंडकर २०१९ ला उत्तर मुंबईतून साडेचार लाखांहून जास्त मतांनी पडल्या, आणि प्रचारात तर किती मेहनत घेतली होती त्यांनी.

तंजावरकर

इथे सिनेमा राजकारणाच्या बाहेर कधी नव्हताच. अण्णादुरै आणि करुणानिधी दोघेही सिनेमाचे लेखक, पक्षाचा विचार संवादांतून खेड्यात पोचला. एमजीआर यांच्या चाहत्यांचे मन्रम, म्हणजे मंडळं, गावोगाव होते, १९७२ ला पक्ष निघाला तेव्हा तेच रातोरात पक्षाच्या शाखा झाले. तुमच्याकडे साखर कारखाना, जिल्हा बँक, शाखा हे जे आहे, ते इथे मन्रम. नुसत्या लोकप्रियतेवर इथेही भागत नाही. शिवाजी गणेशन एवढा मोठा नट, पण १९८९ ला स्वतःच्या पक्षातर्फे तिरुवैयारूत, आमच्याच जिल्ह्यात, पडले. मी तेव्हा त्यांना मत दिलं होतं.

हिशेबनीस

हा शिवाजी गणेशनचा मुद्दा पटला. धागाकर्तीचं म्हणणं मला आता मान्य आहे: चेहऱ्यावर हिशेब संपत नाही. पण खात्याच्या दुसऱ्या बाजूला मी जे लिहिलं, तेही तिथेच राहील.

अडयारकाठ

राहू दे, काका. मीही मामांना दोन्ही सांगणार आहे.

सह्याद्रीची_लेक

ताई, मार्चमध्ये चेन्नईला जाणार आहे. जयललितांचं पोएस गार्डनचं घर बघता येतं का?

अडयारकाठ

नाही. सरकारने स्मारक करायला ताब्यात घेतलं होतं, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि घर भाचा-भाचीला मिळालं. खाजगी घर आहे, बाहेरून फाटक दिसेल. नाव ‘वेद निलयम’, आईच्या वेदवल्ली या नावावरून.

मरीनावरची समाधी बघ, एमजीआर यांच्या शेजारीच आहे. आणि जमलं तर राजाजी हॉल. ६ डिसेंबर २०१६ ला त्यांचं पार्थिव तिथेच ठेवलं होतं, हिरव्या साडीत. मी सकाळी आठपासून रांगेत होते, मुलाला शेजारणीकडे सोडून. आत पोचेपर्यंत माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाई एकच सांगत होत्या, की १९८७ लाही त्या या पायऱ्यांवर होत्या आणि ती पोरगी कुठे उभी होती ते त्यांनी पाहिलं होतं. आत गेल्यावर त्यांनी मला हात धरून ती जागा दाखवली.